साथीला स्प्रिंग

गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्प्रिंग रिव्हर्ब (सुराच्या मागे घुमारा जोडणारी स्प्रिंगांची सोय) म्हणजे मोठ्या दालनाची नक्कल, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मला ते कधीच पटलेलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांमधल्या अठराव्या लेण्यात, तिथल्या एकमेव चैत्यगृहात, गर्दी नसताना एकदा टाळी वाजवून पाहा. कमानदार छत आणि खांबांच्या रांगा तो आवाज धरून ठेवतात आणि सगळा मिळून, एकसंध विरवत नेतात. मग साठच्या दशकातल्या, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या एखाद्या अ‍ॅम्पचा रिव्हर्ब ऐका. तार छेडली की सुराच्या मागोमाग एक निराळाच आवाज उठतो, थोडा धातूचा, थोडा ओला. गिटारवाले त्याला ड्रिप म्हणतात. जोरात वाजवलं की तो खवळतो, हलक्या हाताने वाजवलं की नुसता मागे उभा राहतो. कुठल्याही खोलीत, देवळात किंवा लेण्यात हा आवाज मिळत नाही. तो स्प्रिंगचा स्वतःचा आहे.

मैफिलीत पेटीची साथ ऐकताना मला हे फार जाणवतं. गवयाचा सूर आधी निघतो. पेटीवाला तो ऐकतो आणि किंचित मागून उचलतो. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, गळ्यातले बारकावे तिच्या पट्ट्यांत मावत नाहीत, आणि तरीही चांगल्या पेटीशिवाय ख्याल उघडा पडतो. पेटीने गळ्याची नक्कल करावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. तिने मागे राहावं, सूर धरून ठेवावा आणि वेळेवर बाजूला व्हावं. स्प्रिंगकडून मी नेमकं हेच मागते. काकांच्या अ‍ॅम्पला रिव्हर्ब जोडताना घेतलेले सगळे निर्णय याच समजुतीतून आले.

काका आमचे जुने शेजारी. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा रॉड, आणि तारेवरून घसरत जाणारा सूर. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकून ज्यांनी हात बसवला त्या पिढीतले. आज तरुण मुलांना ही गिटार दाखवली तर ती बाजूने, खालून, सगळीकडून न्याहाळतात आणि मग विचारतात, हिचे फ्रेट वापरायचे कसे? या वाद्याला फ्रेट लागतच नाहीत. तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात, रॉड त्यांना वरूनच स्पर्श करतो. गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं विजेचं वाद्य माझ्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे ते मागे पडत चाललंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यांच्यासाठी मी पूर्वी एक व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प बांधला होता. सर्किटचा नकाशा फेंडरच्या ट्वीड डिलक्सचा, जो ५ई३ या नावाने ओळखला जातो आणि १९५५ ते १९६० या काळात कारखान्यात बनत होता. व्हॉल्व्ह असे: शेवटी दोन ६व्ही६, सुरुवातीला एक १२एवाय७, मध्ये एक १२एएक्स७, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३. ताकद साधारण बारा वॅट. यात निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा आवाज थोडा उलटा आत देऊन त्याला लगाम घालणं) नाही, त्यामुळे बोटाचा दाब बदलला की आवाजाचा पोत लगेच बदलतो. स्टील गिटारला हे फार शोभतं. पण काकांचा फ्लॅट लहान, त्यात गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटं. आवाज जिथल्या तिथे शोषला जातो.

एकदा वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "अगं, आवाज झकास आहे गं. पण मींड संपली की मी एकटाच पडतो. ऑर्केस्ट्रात मिक्सरवाला थोडा इको सोडायचा. तसं काही करता येईल का?"

"करू या काका," मी म्हटलं, "पण अ‍ॅम्पच्या आतल्या वायरिंगला हात न लावता."

ही अट मी बोलून गेले तेव्हा ती पाळायची कशी याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पण अट योग्य होती असं मला आजही वाटतं. का, ते सांगण्याआधी त्या पत्र्याच्या खोक्यात काय चालतं ते सांगायला हवं, कारण त्या खोक्याइतक्या सुंदर वस्तू इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार थोड्या आहेत असं माझं मत आहे.

याला टँक म्हणतात. नेहमीचा मोठा टँक सुमारे साडेबेचाळीस सेंटिमीटर लांब असतो. बाहेर पत्र्याचा उघडा खोका, आत छोट्या स्प्रिंगांवर टांगलेला दुसरा पत्रा, आणि त्या आतल्या पत्र्यात आवाजाच्या स्प्रिंगा: दोन समांतर रांगा, प्रत्येक रांगेत दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडलेल्या. एका टोकाला कॉइल, तिच्या फटीत स्प्रिंगला जोडलेला इवलासा चुंबक. कॉइलमधून आवाजाचा प्रवाह गेला की चुंबक पीळ घेतो, या बाजूला, त्या बाजूला. अनेकांना वाटतं स्प्रिंग ताणली किंवा दाबली जात असेल. मुख्य काम पिळाचं आहे. हा पीळ वेटोळ्यावेटोळ्याने पुढे सरकतो, दुसऱ्या टोकाच्या चुंबकाला हलवतो, आणि तिथली कॉइल त्याची पुन्हा वीज करते. सगळा पीळ तिथे संपत नाही. बराचसा उलटा फिरतो, पहिल्या टोकाला जातो, पुन्हा येतो, प्रत्येक खेपेला थोडा थकून. टँकच्या जातीप्रमाणे ही ये-जा एक ते चार सेकंद चालते.

एका रांगेतून पीळ पलीकडे पोहोचायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्या रांगेतून सुमारे ४१. दोन्ही वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे दोघींचे ठोके एकावर एक पडत नाहीत आणि एकीचा खळगा दुसरी भरून काढते. ३३ मिलिसेकंदांत हवेतून आवाज साधारण अकरा मीटर जातो. अकरा मीटरचं अंतर या हातभर पत्र्यात मावलेलं असतं.

आणि हवा व स्प्रिंग यांच्यातला खरा फरक इथेच आहे. हवेत मंद्र सा आणि तार सा एकाच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. स्प्रिंगमध्ये प्रत्येक कंपनसंख्येचा वेग वेगळा. जाड स्वर आधी पोहोचतात, बारीक स्वर मागे रेंगाळतात, आणि चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही टिकतच नाही. त्यामुळे तारेवरचा एक कोरडा ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून निघत नाही, तो खालून वर चढणारा छोटा फराटा होऊन निघतो. पुढच्या प्रत्येक खेपेला हा फराटा अधिक पसरतो. ड्रिप म्हणतात तो हाच. मोजमापाच्या भाषेत हा दोष आहे. दालनाची नक्कल करायची असेल तर तो नक्कीच दोष आहे.

गंमत अशी की ही कल्पना मुळात संगीताची नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमुळे आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी स्प्रिंगा वापरत. लॉरेन्स हॅमंड यांनी ती युक्ती आपल्या ऑर्गनसाठी उचलली. हॅमंड ऑर्गन १९३५ साली बाजारात आला, आणि त्याची गिऱ्हाईकं फक्त चर्च नव्हती, घरं होती. गालिचे, पडदे, गाद्यांच्या खुर्च्या. तिथे ऑर्गन कोरडा वाटे. म्हणजे काकांच्या फ्लॅटची तक्रार तेव्हापासूनची आहे. सुरुवातीच्या यंत्रणा चांगल्या उंच होत्या, काही स्प्रिंगा तेलात बुडवलेल्या असत. १९६० च्या सुमारास हॅमंडने हा सगळा पसारा आडव्या, हलक्या टँकमध्ये आणला आणि मग गिटारच्या अ‍ॅम्पवाल्यांनी तो उचलला. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बची स्वतंत्र पेटी काढली, १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो अ‍ॅम्पच्या आत आला. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी डिक डेलसारख्या वादकांनी ती स्वतंत्र पेटी अशी काही वाजवली की रिव्हर्ब हाच तिथल्या सर्फ संगीताचा चेहरा झाला. दालनाची आठवण तिथे कुणाला होत असेल असं मला वाटत नाही.

आता अटीकडे येते. फेंडरची आतली पद्धत अशी: सूर एका जागी दोन वाटांनी फुटतो. ओली वाट, म्हणजे रिव्हर्बची, १२एटी७ या व्हॉल्व्हकडे जाते, तिथून टँक, तिथून परत. कोरडी वाट, म्हणजे मूळ सुराची, ३.३ मेगओहमच्या रेझिस्टरमधून जाते. पुढे दोन्ही एकत्र होतात. ३.३ मेगओहम म्हणजे कोरड्या सुराचा फार मोठा भाग तिथेच खर्ची पडतो, आणि तो भरून काढायला पुढे व्हॉल्व्हची एक जादा पायरी ठेवावी लागते. ज्या अ‍ॅम्पची आखणीच अशी केलेली आहे त्यात हे उत्तम चालतं, फेंडरचे डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब त्याची साक्ष देतात. पण ५ई३ मध्ये हे घुसवायचं म्हणजे कोरड्या सुराची वाटच बदलायची. रिव्हर्बचा नॉब शून्यावर असला तरी अ‍ॅम्प आधीसारखा राहत नाही. आवाज कुठे फुटायला लागतो ती जागा सरकते, बोटाखालची जाण बदलते. साथीदार आणला म्हणून गवयाने गळा बदलायचा, हे मला मान्य नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे रिव्हर्बची पेटी गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायची, १९६१ सारखी. इथेही कोरडा सूर आधी त्या पेटीतून जातो आणि मग अ‍ॅम्पला पोहोचतो. डिजिटल पेडलचंही तेच. चांगली पेडलं मिळतात, कुणी वापरत असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण काकांचा रॉड तारेवर जोरात आपटला की खरी स्प्रिंग अंगाने खवळते, आणि ते खवळणं हवं असेल तर स्प्रिंगच लागते.

उत्तर अ‍ॅम्पच्या पुढच्या पट्टीवरच होतं. ५ई३ ला दोन चॅनेल आहेत, प्रत्येकाला दोन जॅक, प्रत्येकाचा स्वतंत्र व्हॉल्यूम. १२एवाय७ चा एक अर्धा भाग एका चॅनेलला, दुसरा दुसऱ्याला. काका एकच चॅनेल वापरतात, दुसरं रिकामं बसून असतं. आणि दोन्ही चॅनेलचे सूर एकत्र करण्याची सोय त्या नकाशात पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे साथीदाराची बैठक मांडलेली होती, फक्त साथीदार नव्हता.

तेव्हा रचना अशी ठरली. गिटार पहिल्या चॅनेलच्या पहिल्या जॅकमध्ये. त्याच चॅनेलच्या दुसऱ्या जॅकमधून तोच सूर बाहेर काढता येतो, दोन चॅनेल जोडणारे वादक ही युक्ती पूर्वीपासून वापरतात. तिथून तो एका वेगळ्या छोट्या चॅसिसवर (भाग बसवायच्या पत्र्याच्या सांगाड्यावर) जातो. एका १२एएक्स७ चा पहिला अर्धा भाग त्याला मोठा करतो, मग १२एटी७ चे दोन्ही भाग समांतर जोडून टँकला ढकलतात. टँकमधून परत आलेला सूर जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो. १२एएक्स७ चा उरलेला अर्धा भाग त्याला पुन्हा गिटारच्या पातळीला आणतो, आणि तो दुसऱ्या चॅनेलच्या जॅकमध्ये शिरतो. दुसऱ्या चॅनेलचा व्हॉल्यूम म्हणजे आता रिव्हर्बचा नॉब. अ‍ॅम्पचा एकही स्क्रू काढावा लागला नाही.

सूर जॅकवरूनच घेण्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या व्हॉल्व्हच्या पुढून, म्हणजे मोठा झालेला सूर जिथून निघतो त्या प्लेटवरून घेतला असता तर ताकद आयती मिळाली असती. पण ५ई३ चे दोन्ही व्हॉल्यूम अशा तऱ्हेने जोडलेले आहेत की एका चॅनेलचा सूर दुसऱ्याच्या पॉटमधून (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरमधून) उलटा झिरपतो. ओला सूर झिरपून पुन्हा टँकला गेला की फेरा पूर्ण होतो आणि नॉब वर नेताच टँक ओरडायला लागतो. जॅकपर्यंत काही उलटं येत नाही.

छोट्या चॅसिसला स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर दिला. दोन व्हॉल्व्हच्या फिलामेंटना मिळून ६.३ व्होल्टवर ०.६ अँपिअर, आणि वरच्या तीनशे व्होल्टमधून जेमतेम सहा मिलिअँपिअर. दहा व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. हा मोठ्या अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरवरही लादता आला असता, पण मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्येच आयुष्य काढलंय, आणि दुसऱ्याच्या वाइंडिंगवर जादा भार टाकायला माझा हात धजत नाही.

टँकला ढकलणारा ट्रान्सफॉर्मर मात्र निराळं प्रकरण. व्हॉल्व्हच्या बाजूला सुमारे २५ हजार ओहम, टँकच्या बाजूला ८. फेऱ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळात, म्हणजे छप्पनास एक. प्रायमरीला ५६०० फेरे, सेकंडरीला १००. बोटाला धड जाणवणारही नाही इतकी बारीक इनॅमल वायर. अंबडच्या एका वाइंडिंगवाल्या दादांनी ती मशिनवर इतक्या शांतपणे भरली की मी काम सोडून बघत बसले. मग स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे ई आणि आय या अक्षरांच्या आकाराचे पत्रे, भरायची वेळ आली. सवयीप्रमाणे त्यांनी ई आणि आय आलटून पालटून घालायला घेतले.

"दादा, सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने. आणि मध्ये कागदाची एक पट्टी."

"मॅडम, फट ठेवली तर ट्रान्सफॉर्मर कमजोर होतो."

"होतो. पण यातून डीसी पण जाणारे. चार मिलिअँपिअर, कायम. फट नाही ठेवली तर कोअर एका बाजूला झुकलेलाच राहील."

त्यांनी मान हलवली, कागद कापला, आणि पट्टीची जाडी मायक्रोमीटरने मोजून मला दाखवली. मी सांगितलं नव्हतं. हातातल्या कामाबद्दलची अशी आस्था दिसली की मला फार बरं वाटतं.

१२एटी७ च्या आधी ५०० पिकोफॅरडचा कंडेन्सर आहे आणि पुढे एक मेगओहमचा पॉट. हा पॉट म्हणजे ड्वेल, स्प्रिंगला किती ढकलायचं ते ठरवणारा. ५०० पिकोफॅरड फार लहान वाटतो. मुद्दाम लहान आहे. त्या दोघांमुळे सुमारे ३२० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. जाड स्वर स्प्रिंगमध्ये भरले की सगळा ओला आवाज गढूळ होतो, आणि व्हॉल्व्हची सगळी ताकद तेच खाऊन टाकतात. ही गाळणी मला फेंडरच्या नकाशातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. काकांच्या जाड तारा कोरड्याच राहतात, ओलावा बारीक तारांना मिळतो. स्टील गिटारवर रागाची बढत बहुतेक वेळ तिथेच चालते.

टँक निवडताना त्यावरचा सांकेतिक क्रमांक वाचता यायला हवा. फेंडरमध्ये नेहमी ४एबी३सी१बी लागतो. ४ म्हणजे हा लांब प्रकार, ए म्हणजे आत जाणारी कॉइल ८ ओहम, बी म्हणजे बाहेर येणारी २२५० ओहम, ३ म्हणजे लांबवर टिकणारा, सी म्हणजे सूर आत नेणारा जॅक पत्र्यापासून अलग आणि बाहेर आणणारा पत्र्याला जोडलेला, १ म्हणजे वाहतुकीसाठी कुलूप नाही, शेवटचा बी म्हणजे उघडी बाजू खाली करून आडवा ठेवायचा. मी मधला आकडा बदलून २ घेतला, म्हणजे मध्यम टिकणारा. यावर गिटारवाल्या मित्रांशी माझा वाद झाला आणि मी माझ्या मतावर ठाम आहे. तुटक सुरांना लांब टँक शोभतो. मींड घसरत जात असताना मागे सोडलेला प्रत्येक सूर टँकमध्ये तीन-चार सेकंद जिवंत राहिला तर ग वर पोहोचेपर्यंत नि आणि रे अजून बोलत असतात, आणि मधल्या सगळ्या श्रुती त्यांच्याबरोबर. साथीदाराने वेळेवर बाजूला व्हायचं असतं. मध्यम टँक होतो.

नवा टँक हातात आला की मीटर लावून पाहा. ८ ओहमची कॉइल मीटरवर एक ओहमपेक्षाही कमी दाखवते आणि २२५० वाली दोनशेच्या आसपास. कॉइल शॉर्ट नाही आणि टँकही चुकीचा नाही. छापलेले आकडे एक हजार हर्ट्झवरचे असतात, मीटर डीसीने मोजतो.

हमिंगवर बरीच मेहनत गेली. टँकचं बाहेर येणारं टोक इतका नाजूक सूर घेऊन बसलेलं असतं की जवळपास पॉवर ट्रान्सफॉर्मर असला तर तो सरळ ५० हर्ट्झ उचलतं. टँक अ‍ॅम्पच्या कॅबिनेटच्या तळाशी ठेवला, चालू अवस्थेत तो फिरवत, सरकवत सगळ्यात शांत जागा शोधली, आणि ते टोक दोन्ही ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब जाईल तितकं नेलं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका सीट कव्हरवाल्याकडून फोम लावलेली रेक्झिनची पिशवी शिवून घेतली, टँक त्यात झोपतो. दोन चॅसिसना दोन अर्थिंग असल्यामुळे एक फेरा तयार झाला होता. त्यावर काही जण अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. छोट्या चॅसिसमध्ये सिग्नलचा ग्राउंड आणि पत्रा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर घातला, पत्रा अर्थला तसाच पक्का ठेवला, फेरा मोडला. आणि व्हॉल्व्हच्या कामाला नवीन असलेल्यांसाठी एक गोष्ट: बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहतात. डिस्चार्ज करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.

काकांकडे जोडलं त्या संध्याकाळी त्यांनी यमन घेतला. आधी दुसरा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मी तसं सांगितलं होतं, म्हणजे अ‍ॅम्प पूर्वीसारखाच आहे हे त्यांच्या कानाला पटावं. पटलं. मग मी नॉब हळूहळू वर नेला. नि रे ग, आणि ग वर रॉड थांबला. तळहाताने तार दाबून त्यांनी सूर तोडला. मागून तो ग थोडा वेळ राहिला, कडा पसरलेला, थोडा धातूचा, आणि गेला. काकांनी मान वर केली नाही. पुन्हा तीच जागा घेतली, या वेळी सूर तोडल्यावर ते थांबले. वाट पाहिली. मागचा सूर पुरता संपू दिला, आणि मग पुढची फ्रेज घेतली. पाच मिनिटांत त्यांची लय बदलली होती. इतकी वर्षं ते सुरांच्या मधल्या जागा भरत होते, कारण रिकामी जागा लगेच मरत होती. आता ते त्या मोकळ्या सोडायला लागले.

"कुणीतरी ऐकतंय असं वाटतं गं," ते म्हणाले.

काकूंनी आतून येऊन विचारलं, "हा आवाज रेडिओवरच्यासारखा का येतोय?" मला यापेक्षा मोठी पावती नको होती. रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्या माणसाने दिलेली ही पावती आहे.

एक गोष्ट मात्र या रचनेत राहते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ५ई३ चे दोन व्हॉल्यूम एकमेकांवर परिणाम करतात, हा त्या नकाशाचा स्वभाव आहे. त्यामुळे रिव्हर्ब वाढवला की कोरडा सूरही जरा बदलतो, पुढे पुढे तर चांगलाच. मी काकांना सांगितलं की दुसरा नॉब तीन-चारच्या पुढे नेऊ नका, ओलावा जास्त हवा असेल तर ड्वेल वाढवा. दोन्हींचा परिणाम वेगळा आहे. ड्वेल वाढवला की स्प्रिंग जास्त पिळते, ड्रिप धारदार होतो. व्हॉल्यूम वाढवला की तोच आवाज जवळ येतो. काकांनी दोन्ही नॉबवर पेन्सिलने खुणा केल्यात, भूपासाठी वेगळ्या, यमनसाठी वेगळ्या. भूपाला कमी लागतो असं त्यांचं मत. पाचच सूर, मोठी अंतरं, तिथे ओलावा फार झाला तर अंतरं भरून जातात. हे मला सुचलं नसतं.

आणि कॅबिनेटला धक्का लागला की आत गडगडाट होतो. काकू केर काढताना एकदा झाला आणि त्या दचकल्या. स्प्रिंगा आहेत, हलवल्या की बोलणारच. आता केर काढायच्या आधी दुसरा व्हॉल्यूम शून्यावर जातो.

पुढचं काम देवळाली कॅम्पच्या एका मुलाचं आहे. चर्चच्या बँडमध्ये वाजवतो, त्याच्याकडे पाच वॅटचा छोटा चॅम्प आहे, ५एफ१ च्या नकाशावर बांधलेला. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३. चॅनेल एकच. "ताई, काकांसारखंच करून द्या ना," असं म्हणतो. काकांसारखं होणार नाही, कारण इथे दुसरी बैठकच नाही. माझा विचार असा आहे: टँकला ढकलायला वेगळा व्हॉल्व्ह घालायचाच नाही. स्पीकरच्या टोकांवरून, शे-दीडशे ओहमच्या रेझिस्टरमधून सूर सरळ टँकला द्यायचा, आणि टँकमधून येणारं अ‍ॅम्पला परत न करता एका वेगळ्या लहान अ‍ॅम्पला द्यायचं. त्यात व्हॉल्व्ह दोनच, एक ईसीसी८३, एक ईसीएल८२, आणि जुन्या रेडिओतला स्पीकर. कोरडा सूर एका कोपऱ्यातून, ओला दुसऱ्या कोपऱ्यातून. यात ६व्ही६ जे काही करेल, फुटेल, दबेल, ते सगळं स्प्रिंगला ऐकू जाईल, आणि ते काकांच्या रचनेत जात नाही. रेझिस्टर दहा वॅटचे दोन-तीन किमतींचे आणून ठेवलेत. ईसीएल८२ एका बंद पडलेल्या रेकॉर्ड प्लेअरमधून काढलाय, टेस्टरवर ठीक दाखवतोय. दिवाळीनंतर त्याला सुट्टी आहे, तेव्हा बसू.